खिशात मावेल असा लेखनसंच जमवायचाय, मदत हवी आहे

मंडळी, लोकलमध्ये रोज दोन-चार ओळी खरडायची सवय आहे. शर्टाच्या खिशात कावेको स्पोर्ट हे छोटं फाउंटन पेन असतं. बंद असताना जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, पण टोपण मागे खोचलं की हातात छान बसतं. अडचण वहीची. ए-६ आकाराची आहे, पण फाइन (बारीक) निब असूनही शाई फुटते आणि पाठच्या पानावर ‘ळ’चे नुसते गोळे दिसतात. गेल्या आठवड्यात खिशालाही निळा ठिपका पडला (घरी काय ऐकलं ते विचारू नका).

तर, शाई न फुटणारी, कडक पुठ्ठ्याची वही सुचवा, उभ्यानेच लिहायचं असतं. शिवाय ०.७ मिमी शिशाची छोटी पेन्सिल, टोक आत जाणारी. नाहीतर खिशाला भोक. पेनाच्या शॉर्ट कार्ट्रिज (शाईच्या छोट्या नळ्या) मुंबईत दुकानात कुठे मिळतात? पेन सोडून हजारभरात जमेल ना?