पंचविशीत शेतीत उतरलोय, पण रानातला निर्णय माझा नाही. काय करू?

शिवारातला_२५
नमस्कार मंडळी. आमचं गाव औसा तालुक्यात, लातूर. चाकणला चार वर्षं कंत्राटी काम केलं, मग गावी आलो. येऊन दोन खरीप झाले. सहा एकर रान आहे, सगळं सोयाबीन आणि मधे तुरीच्या ओळी. एक विहीर, ती संक्रांतीपर्यंत पुरते.

कामात मी कमी पडत नाही. फवारणीचा पंप माझ्या पाठीवर, मळणीला मी, आडतीवर पोती मीच नेतो. पण विक्रीची पट्टी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या नावाची, खातं अण्णांचं, आणि बी-खत दुकानदार सांगेल ते. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून माल परत आला, शेवटी आडतीवर चार हजाराने घातला. गेल्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, ओढ्याकडच्या दोन एकरात पाणी तुंबलं आणि शेंगांतच कोंब फुटले. ते बघून मला रात्र रात्र झोप नव्हती.

औंदा तिथं बीबीएफने, म्हणजे रुंद वरंबा आणि बाजूला सरी पाडणाऱ्या यंत्राने पेरू म्हणतो. अण्णा म्हणतात, सरीत जाणारं रान फुकट सोडायचं का? मित्र सांगतात, आधी वाटणी मागून सातबारा नावावर कर. थोरल्या बहिणीचं लग्न झालंय. खरंच मागू का?

मांजराकाठचा_काका
लेकरा, वाटणीचा शब्द तोंडातून काढू नको. माझ्या थोरल्याने मागितली होती. दोन वर्षं एका घरात राहून आम्ही बोललो नाही. त्याचं चुकलं नव्हतं, पण मला वाटलं आता आपण संपलो.

त्यापेक्षा तेच दोन एकर बापाकडून बटईनं माग. खर्च तुझा, माल निम्मा निम्मा. नुकसान तुझं म्हटल्यावर बाप अडवत नाही. आणि बी विकत घेऊ नको. सोयाबीनचं घरचं बी चालतं, फक्त साल पातळ असते म्हणून पोती आपटू नये, थप्पी उंच लावू नये. शंभर दाणे ओल्या बारदानात गुंडाळून ठेव. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पेर.

परभणीची_लेक
दादा, बहिणीचं लग्न झालं असलं तरी २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत तिचा तुमच्याइतकाच हिस्सा आहे. तिला न विचारता काही करू नका.

काकांचं पटतं, पण सातबाऱ्याची अडचण खोटी नाही. मी आठ वर्षं रान बघते, सातबारा सासऱ्यांचा. पीककर्ज त्यांच्या नावावर, पीएम किसान त्यांना, पंचनाम्यात नावही त्यांचंच. राबणाऱ्याची नोंद कुठेच नाही, हे मला अजून लागतं.

मी वही धरली. खुरपणीचा रोज, औषधाची बाटली, डिझेल, सगळं तारखेनिशी. दिवाळीत सासऱ्यांना वाचून दाखवलं. फवारणीच्या बिलात निम्मे पैसे टॉनिकचे होते. पुढच्या साली त्यांनी स्वतःच टॉनिक बंद केलं आणि बी कुठलं आणायचं ते मला विचारलं. तुम्ही या मृगापासून वही सुरू करा.

काळी_माती
बीबीएफचं एवढंच सांगतो. वरंब्यावर चार ओळी येतात, दोन्ही बाजूंना सरी. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, उघडीप पडली तर तीच सरी ओल धरते. सरीचं तोंड मात्र ओढ्याकडे उताराला काढा, नाहीतर पाणी तिथंच तुंबेल. पेरणीची घाई नको, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या. यंत्र आताच सांगून ठेवा, मृग लागला की मिळत नाही.

शिवारातला_२५
काका, ताई, भाऊ, मनापासून आभार. वाटणीचं काढलं नाही. परवा जेवताना ओढ्याकडचे दोन एकर बटईनं मागितले. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बापाकडून बटई घेतोस? आणि उठून गेले. मला वाटलं झालं वाटोळं.

सकाळी उठून बघतो तर कोठीतल्या पोत्यातले दाणे त्यांनी सुपात काढून ठेवलेले. शंभर आम्ही दोघांनी मिळून मोजले. आज सहावा दिवस, ७८ उगवलेत. बटईचं ते अजून हो म्हणाले नाहीत, पण एकरी किती किलो धरायचं हे तेच विचारतायत. तीसच धरू, का थोडं कमी केलं तर चालेल?