पहिलं पेलेट ग्रिल, गच्चीवर: काय पाहून घेऊ?

गच्चीकर: नागपुरात पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या गोळ्या जाळून चालणाऱ्या ग्रिलचं १२० व्होल्टचं आयात मॉडेल स्वस्तात मिळून राहिलं. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल का? अन् बॉयलरचे पेलेट वापरू का?

ऑरेंजसिटी: भाऊ, नका घेऊ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. ऑगरची, म्हणजे पेलेट आगीकडे ढकलणाऱ्या स्क्रूची मोटर एसी असेल तर ६० ऐवजी ५० हर्ट्झवर हळू फिरते, पेलेट कमी पडतात अन् ग्रिल तापमान गाठत नाही. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचंच पाहा. अर्थिंग असलेला प्लग हवा, इग्नायटर (पेलेट पेटवणारी तापती कांडी) पेटताना २००-३०० वॅट ओढतो.

धूरवाला: बॉयलरचे पेलेट अजिबात नको. त्यात शेंगांची टरफलं, रंग लागलेलं लाकूड, काहीही असतं. खाद्य दर्जाचे, कठीण लाकडाचेच घ्या. पावसाळ्यात हॉपर (ग्रिलची पेलेट भरायची पेटी) रिकामा ठेवा, पेलेट हवाबंद ड्रममध्ये. ओल लागली की ते फुगून भुसा होतात, तो ऑगरमध्ये घट्ट बसतो अन् मग सगळं खोलावं लागतं. चांगला पेलेट मोडताना कट्‌कन आवाज येतो.

ऑरेंजसिटी: पहिल्यांदा ऑगर भरा, पेलेट फायरपॉटमध्ये (ते जळतात त्या वाटीत) पडू लागले की थांबा. जास्तीचे काढा, मूठभर राहू द्या. मग मॅन्युअलप्रमाणे पेटवून २०० अंश सेल्सिअसवर ४५ मिनिटं रिकामंच चालवा, कारखान्याचं तेल जळून जातं.

गच्चीकर: मधेच लाईट गेली तर?

धूरवाला: पंखा थांबतो, आग ऑगरकडे मागे सरकू शकते. इन्व्हर्टरवर घ्या. बंद करतानाही शटडाउनच दाबा, थेट स्विच नाही. मे महिन्याच्या दुपारी कमी तापमानाचा स्मोक (धुरावर हळू शिजवणं) जमत नाही, पहाटे लावा.