प्रतिसाद: एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) ४०, म्हणजे नॉर्मल आला, पण पेशंट पिवळाधम्मक आहे!

‘सकाळचा कंट्रोल (आधीच किंमत माहीत असलेला नमुना) रेंजमध्ये आला की दिवसभर रक्ततपासणीच्या मशीनवर भरवसा ठेवा,’ असं लॅबवाल्यांच्या या चर्चेत एकाने म्हटलंय. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. कंट्रोल मशीनची हमी देतो, पेशंटच्या नमुन्याची नाही.

एसजीपीटीच घ्या. मशीन ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात एनएडीएच (तपासणीच्या रसायनातला घटक) किती वेगाने घटतंय ते मोजतं; एन्झाइम जितकं जास्त, तितका वेग जास्त. एन्झाइम हजारोंत असेल तर मोजणी सुरू होण्याआधीच एनएडीएच संपतं, रेषा सपाट होते आणि रिपोर्ट चक्क नॉर्मल दिसतो. म्हणून फ्लॅग (मशीनचा इशारा) आला की नुसतं ‘ओके’ दाबू नका. रिअ‍ॅक्शन कर्व्ह (मोजणीचा आलेख) उघडा. सुरुवातीचीच अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला ते माप) खाली असेल तर नमुना सलाइनमध्ये दहापट पातळ करून पुन्हा लावा, आणि उत्तर दहाने गुणायला विसरू नका (मशीनने आधीच गुणलं नसेल तर!).

आपल्या खान्देशातली दुसरी डोकेदुखी म्हणजे मे महिन्यात चोपडा-यावलहून मोटरसायकलच्या डिक्कीत उकडत जळगावला येणाऱ्या ट्यूब. रक्तपेशी फुटल्या की त्यांच्यातली एलडीएच, एसजीओटी ही एन्झाइम्स बाहेर येऊन आकडे फुगलेच. तिथेच सेंट्रिफ्यूज फिरवून सीरम (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) वेगळं करून पाठवायला सांगा. लालसर सीरमवर एलडीएच लावूच नका, नवीन नमुना मागा. डॉक्टर कुरकुरतील, कुरकुरू द्या.