एच-इंडेक्स कमी म्हणून संशोधक किरकोळ?

'एच-इंडेक्स अठराच, म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये माणसाचा फारसा दबदबा नाही' असं एका संशोधकाच्या प्रोफाइलवरून वर कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. एच-इंडेक्स अठरा म्हणजे प्रत्येकी किमान अठरा सायटेशन्स (दुसऱ्या पेपरांत आलेले संदर्भ) मिळालेले अठरा पेपर. हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला, तोही भौतिकशास्त्रज्ञांचं काम डोळ्यांसमोर ठेवून. त्यात गोम अशी की पाचच पेपर लिहिले आणि प्रत्येकाला हजारो सायटेशन्स मिळाली, तरी आकडा पाचवरच अडकतो.

शिवाय आकडा कुठला, तेही सांगा की राव. सायटेशन्स मोजणाऱ्या ठिकाणांपैकी गूगल स्कॉलर प्रीप्रिंट (तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर), प्रबंध, तांत्रिक अहवाल सगळंच धरतो. स्कोपस हा डेटाबेस निवडक घेतो. एकाच माणसाचे दोन आकडे दिसतात ते त्यामुळेच. या शाखेत तर आयसीएसई या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसारख्या परिषदांतले पेपर जर्नलच्या तोडीचे मानतात, त्यामुळे फक्त जर्नल मोजून भागत नाही.

आणि सायटेशन कशापायी झालंय? किचनहॅम आणि चार्टर्स यांचा पद्धतशीर साहित्य-आढाव्यावरचा (एखाद्या विषयावरचं आधीचं संशोधन ठरावीक पद्धतीने कसं तपासावं यावरचा) २००७ चा मजकूर जर्नलमधला पेपर नव्हेच, तांत्रिक अहवाल आहे. तरी त्याला हजारो सायटेशन्स आहेत, त्यातली बरीचशी 'आम्ही या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आढावा घेतला' एवढ्या एका ओळीची. उलट मॅकेब यांची १९७६ ची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे कोड किती गुंतागुंतीचा आहे ते मोजणारं माप, कोड तपासणाऱ्या कितीतरी टूल्समध्ये मुरलेली आहे. फंक्शनवर इशारा आला की प्रोग्रॅमर मुकाट्याने त्याचे छोटे तुकडे करतो; तो कशाला सायटेशन देतोय!

त्या प्रोफाइलमधले वरचे चार-पाच पेपर उघडून बघा, मग भांडू.