जपानी घड्याळं म्हणजे 'स्विस परवडत नाही' म्हणून? (मनगटशहांना उत्तर)

काटेकोर:
परवापासून डोक्यात जातंय म्हणून वेगळा धागा काढतोय. मनगटशहांनी लिहिलं होतं, "जपानी डायव्हर (पाणबुड्यांची घड्याळं) गोळा करणं म्हणजे स्विस परवडत नाही याची स्वतःची काढलेली समजूत, आणि ग्रँड सेकोला (सेको कंपनीची महागडी घड्याळं) पाच-सहा लाख देणारा तर नुसतं लेबल विकत घेतो." त्यावर लाइक किती! तर शहासाहेब, ऐका.

१९६८ साली जिनिव्हाच्या वेधशाळेच्या अचूकतेच्या स्पर्धेत यांत्रिक मनगटी घड्याळांमध्ये सेको सगळ्यांच्या पुढे होती, म्हणजे स्विसांच्या घरात जाऊन. पुढच्याच वर्षी २५ डिसेंबरला सेलवर चालणारं क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन आणलं, किंमत साडेचार लाख येन, तेवढ्यात तेव्हा जपानात कोरोला गाडी येत होती, त्यामुळे 'जपानी म्हणजे स्वस्त' ही भानगड नंतरची. आणि सेकोचं स्प्रिंग ड्राइव्ह कधी हातात घेऊन बघितलंय का? ताकद स्प्रिंगचीच, सेल नाही, पण वेग आवरायला क्वार्ट्झचा स्फटिक आणि चुंबकाचा ब्रेक, त्यामुळे सेकंदकाटा टकटक करत नाही, तेलाच्या धारेसारखा सरकतो. अकाहाने नावाच्या इंजिनियरला ही कल्पना १९७७ मध्ये सुचली आणि दुकानात घड्याळ यायला १९९९ उजाडलं. बावीस वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागले ते लोक. हे लेबल?

खालच्या टोकाचं सांगतो. माझं एसकेएक्स ००७, सेकोचं साधं डायव्हर, २०१४ ला तेरा हजाराला घेतलेलं. डायलवर 'डायव्हर्स २०० मी' उगाच लिहिता येत नाही, आयएसओ ६४२५ (डायव्हर घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे लिहिलेल्या दाबापेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबावर तपासावं लागतं. तारकर्लीला स्कूबा केलंय ते घालून. आतलं मशीन ७एस२६, त्याला हाताने चावी देता येत नाही, चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, आणि माझं दिवसाला वीस सेकंद पुढे पळतं. माहितीये मला. तरी तेच घालतो.

मनगटशहा:
निबंध छान. पण सगळा जुना. आजचं बोला ना. एसकेएक्स बंद झालं आणि २०१९ ला त्याच चेहऱ्याचं सेको ५ स्पोर्ट्स आणलं, २०० चे १०० मीटर झाले, स्क्रूची चावी गेली, डायलवरचं 'डायव्हर्स' गेलं आणि किंमत वर गेली. त्यातल्या ४आर३६ मशीनला कंपनी स्वतःच दिवसाला अधिक ४५ ते उणे ३५ सेकंद म्हणते. पैसे देऊन पाऊण मिनिट मी का सोसायचं?

आणि लेबलचं म्हणाल तर २०१७ ला त्यांनीच डायलवर बाराच्या आकड्याखालचं 'सेको' काढून तिथे 'ग्रँड सेको' नेऊन बसवलं. का? कारण त्यांनाही ठाऊक आहे की सेको हे नाव बघून कोणी लाखांत पैसे मोजत नाही. नाकापेक्षा मोती जड. बाय द वे, तुमच्याकडे एक तरी ग्रँड सेको आहे का?

काटेकोर:
नाही. टोकियोला गिंझात अर्धा तास मनगटावर घालून बसलो होतो, सेल्समन तीनदा वाकला आणि मी कार्ड खिशातच ठेवलं. म्हणून काय बोलायचं नाही? त्याच जिनिव्हात २०२१ ला पुरुषांच्या घड्याळाचं बक्षीस ग्रँड सेकोच्या 'व्हाइट बर्च'ला मिळालं, तेव्हा ते परीक्षकही लेबलला भुलले असतील नाही!

५ स्पोर्ट्सचं मात्र मान्य. १०० मीटरच्या घड्याळाला डायव्हरचे कपडे घालायला नको होते. झालं समाधान?

क्वार्ट्झताई:
माझ्या नवऱ्याकडे अकरा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी) आहेत. रोज सकाळी ऑफिसला निघताना वेळ मला विचारतो. माझं सिटिझन प्रॉमास्टर, सोलर, पूर्ण चार्ज झालं की अंधाऱ्या कपाटात सहा महिने चालतं, तेही २०० मीटर आणि खरं आयएसओवालं. तुम्ही चालू द्या.

निवांत_नाना:
सगळे सेको सेको करताय (आमच्या वेळी सगळे सिको म्हणायचे, आता म्हणे ते चूक), पण जपानी घड्याळ भारताच्या मनगटावर आणलं ते सिटिझनने, एचएमटीच्या रूपात, १९६१ चा करार, बंगळूरचा कारखाना. माझी 'जनता' सासऱ्यांनी लग्नात दिलेली, सतरा ज्वेल, रोज सकाळी चहा उकळेपर्यंत चावी द्यायची. आजच्या पोरांना चावी द्यायचा पण कंटाळा, म्हणून ऑटोमॅटिक आणि ते पण शोकेसमध्ये फिरवायला वेगळं यंत्र, म्हणजे हात हलवायचा सुद्धा कंटाळा!

काटेकोर:
नाना, विषय काय आपण काय.

दर्याकाठ:
माझ्या मते दोघेही चुकताय. जपानी घड्याळाची किंमत स्विसांनी नाही पाडली, आपल्याच मुंबईने पाडली. बाहेरच्या संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' हा शब्द शिवी म्हणून वापरतात हे माहीत आहे ना? जुनी सेको ५, डायल खरवडून भगवी-हिरवी रंगवलेली, काटे एकाचे, केस (बाहेरची डबी) दुसऱ्याची, घासून घासून कडा गोल झालेल्या, आणि वर 'ओरिजिनल व्हिंटेज' म्हणून विक्री. मी स्वतः फसलोय. साडेचार हजाराला एक घेतलं, विकणाऱ्याचं नाव घेत नाही, दोन महिन्यांत डायलचा रंग काचेला आतून चिकटला. ही फसवणूक आहे आणि हे करणाऱ्यांना मी कारागीर वगैरे म्हणणार नाही.

याउलट माझ्या बाबांचं सेको ५. मस्कतहून आणलेलं, निळी डायल, वारांच्या खिडकीत एक बाजू इंग्रजी एक अरबी, त्यांनी आयुष्यभर ती अरबीवरच ठेवली, का ते कधी सांगितलं नाही. आजही चालतं. ओरिजिनल म्हणजे असं.

रंगारी_गिरगाव:
दर्याकाठ, जरा जपून. माझे मामा तीस वर्षं डायल रंगवायचे. गिऱ्हाईक काय म्हणायचं माहितीये? "जुनाट दिसतंय हो, नवं करून द्या." कोणी म्हणत नव्हतं की पॅटिना, म्हणजे जुनेपणाची छटा, राखा. आपल्याकडची हवा बघा, चार पावसाळे खाल्ले की लोखंडी खिळ्याला गंज चढतो, तर डायलचं काय होत असेल? कंपनीची नवी डायल मागवायची तर कुठून? मग जुना रंग उतरवायचा, फवारा मारायचा, ठप्प्याने एकेक अक्षर बसवायचं, डोळ्याला भिंग लावून. घड्याळ परत मनगटावर जायचं आणि चालायचं. फसवणूक तो करतो जो ते 'ओरिजिनल' म्हणून विकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?

दर्याकाठ:
संन्याशी! वा! फसवणाऱ्याकडे तेच डायल जातात ना? रंगवलंच नसतं तर विकलं कसं असतं?

रंगारी_गिरगाव:
मग सुताराला पण धरा, चोराने शिडी वापरली म्हणून. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एकाही संग्राहकाने विचारलं नाही, आता मात्र सगळे त्यांच्या हातच्या कामाला शिव्या घालायला पुढे.

मनगटशहा:
बघा, म्हणूनच म्हणतो नवीन घ्या, पेटी-कागदांसकट.

काटेकोर:
शहासाहेब तुम्ही थांबा. रंगारी, एक मुद्दा आहे. संग्राहकाच्या नजरेतून रंगवलेली डायल म्हणजे मेलेलं घड्याळ, कारण उद्या कोणी अभ्यास करायला बसला की १९७८ ला कारखान्यातून नेमका काय रंग बाहेर पडला, तर पुरावाच नाही उरत. हे नुकसान आहेच, हेतू चांगला असला तरी.

रंगारी_गिरगाव:
अभ्यास! ज्याचं घड्याळ त्याला ऑफिसला वेळेवर जायचं होतं हो. तुम्ही स्वतः वर लिहिलंय, वीस सेकंद पळतं तरी तेच घालतो. मग ते घालायचं घड्याळ आहे की कपाटातलं?

काटेकोर:
बरं. घालायचं. (हे मी फक्त एसकेएक्सपुरतं कबूल करतोय.)

निवांत_नाना:
आमच्या जनताची डायल पण एकदा रंगवलेली. सुंदर दिसते.

क्वार्ट्झताई:
नाना, तुम्ही आत्ता काटेकोरांचं जेवण बिघडवलंत.

दर्याकाठ:
मला पटलेलं नाही. ओरिजिनल ओळखायचं कसं ते तरी नव्या लोकांसाठी लिहा कोणीतरी, म्हणजे माझ्यासारखे फसणार नाहीत.

काटेकोर:
त्या काळच्या सेकोच्या मागच्या झाकणावर बघ. सिरियलचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना, ऑक्टोबर ते डिसेंबरला आकड्याऐवजी काहीवेळा अक्षरं असतात. दशक मशीनवरून ओळखायचं. शिवाय झाकणावर मशीनचा नंबर आणि पुढे केसचा, आणि डायलच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात मशीनचा नंबर आणि डायलचा कोड. रंगवताना ती ओळ बहुतेक वेळा राहूनच जाते, किंवा फदफदते.

रंगारी_गिरगाव:
मामा ती ओळ पण घालायचे. पैसे जास्त मिळाले तर.

मनगटशहा:
हाहाहा. हे संन्यासी!

रंगारी_गिरगाव:
तुमचं पाच लाखांचं स्विस सर्व्हिसिंगला किती मागतं ते सांगा आधी, मग हसा.

मनगटशहा:
ते विचारू नका.

(दुसऱ्या दिवशी)

दर्याकाठ:
बाबांचं घड्याळ काढून बघितलं. झाकणावर ७००९, सिरियल २४ ने सुरू. म्हणजे १९८२ चा एप्रिल, बाबा त्याच वर्षाच्या शेवटी मस्कतला गेले होते, जुळतंय.

डायलच्या खाली ओळ नाहीये. भिंग घेऊन बघितलं, मोबाइलचा कॅमेरा लावून बघितलं, काहीच नाही.

आईला फोन केला. म्हणाली, अगं बाई, ते विहिरीत पडलं होतं ना एकदा, पंप दुरुस्त करताना, मग मुंबईला तुझ्या काकांबरोबर पाठवलेलं, तीन महिन्यांनी आलं. मी विचारलं आधी पण निळंच होतं का. तर म्हणे छे, पांढरं होतं, निळं करून आलं तेव्हा बाबा दोन दिवस काही बोललेच नाहीत, मग आवडायला लागलं.

काटेकोर:
…

रंगारी_गिरगाव:
फोटो टाका. बाराच्या वरच्या अक्षराचा ठप्पा बघून कदाचित सांगता येईल कुणाचं काम ते. आणि काही झालं तरी केस घासायला देऊ नका.

दर्याकाठ:
टाकतो संध्याकाळी. वार अजून अरबीतच आहे.