सीओडी (कॅश ऑन डिलिव्हरी) ऑर्डरला ‘परचेस’ म्हणून मोजायचं का?

हळदपेठ_सांगली
हळद, बेदाणे ऑनलाइन विकणाऱ्या आपल्या भागातल्या सगळ्यांनी मेटाचं (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींचं) ट्रॅकिंग आता बदलायलाच हवं. बहुतेकांच्या साइटवर अजून नुसता पिक्सेल आहे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधून मेटाला खबर देणारा कोड. गिऱ्हाइकानं कॅश ऑन डिलिव्हरी निवडून बटण दाबलं, ‘थँक यू’चं पान उघडलं की मेटाकडं परचेस, म्हणजे खरेदी, जमा! पुढं त्यानं कुरिअरवाल्याचा फोन उचलला नाही, पार्सल माघारी आलं, तरी मेटाच्या लेखी ती विक्रीच. मग सिस्टिम तसलीच माणसं आणखी शोधून आणते. जाहिरातीचा खर्च आपला, जाण्यायेण्याचं कुरिअरही आपल्याच बोकांडी. कन्व्हर्जन्स एपीआय (आपल्या सर्व्हरवरून थेट मेटाला खबर द्यायची सोय) लावा आणि माल पोचल्यावरच सर्व्हरवरून परचेस पाठवा.

कंदीपेढा_सातारा
दादा, दुखणं बरोबर सांगितलंत, औषध पटत नाही. जाहिरातीचं श्रेय नेहमीच्या सेटिंगमध्ये क्लिकनंतर सात दिवसांपुरतंच मिळतं. लांबच्या राज्यात पार्सल पोचेपर्यंत आठवडा सहज उलटतो, म्हणजे खरी विक्रीसुद्धा जाहिरातीच्या नावावर लागणार नाही. त्यात अॅडसेट (जाहिरातींचा गट) लर्निंगमधून, म्हणजे सिस्टिमच्या शिकण्याच्या टप्प्यातून, बाहेर यायला आठवड्याला साधारण ५० कन्व्हर्जन (इथं परचेस) लागतात. ज्याच्या ऑर्डरीच साठ, त्यानं पोचलेल्याच मोजल्या तर काय उरणार? २०२१ साली आयफोनच्या आयओएस सॉफ्टवेअरच्या १४.५ आवृत्तीपासून अॅपवाले ट्रॅकिंगला परवानगी विचारायला लागले, पिक्सेलला कमी दिसायला लागलं, तेव्हापासून सगळे एपीआयचा आग्रह धरतात. आपलं गिऱ्हाईक बहुतेक अँड्रॉइडवालं. सीओडीवर थोडा जादा आकार लावा, फुसक्या ऑर्डरी आपोआप गळतील.

हळदपेठ_सांगली
जादा आकारानं चांगलं गिऱ्हाईकही पळतं. सात दिवसांचा मुद्दा मात्र मान्य. मग दुसऱ्या दिवशी फोन करून ऑर्डर पक्की झाली की परचेस पाठवा. पोचल्याचा इव्हेंट (मेटाला पाठवायची नोंद) वेगळ्या नावानं ठेवा, हिशेबाला उपयोगी पडतो.

वाईची_ताई
तुम्ही दोघं इव्हेंटवर भांडताय, मला काळजी नंबरांची आहे. एपीआयमधून गिऱ्हाइकाचा फोन, ईमेल मेटाकडे जातो. माझ्याकडं बायका विश्वासानं नंबर देतात. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. चेकआउटवर कुणी साधं एक वाक्य तरी लिहिलंय का?

हळदपेठ_सांगली
ताई, नंबर हॅश करूनच, म्हणजे वाचता न येणाऱ्या सांकेतिक अक्षरांत बदलूनच जातो, आधी पुढं ९१ लावून. तरी त्याच्यावरूनच मेटा माणूस जुळवते, म्हणून संमती हवीच, हे तुमचं खरं. ते वाक्य आधी टाकायचं, एपीआय नंतर.

कंदीपेढा_सातारा
फोन करायला माणूस कुठून आणायचा? सणासुदीत आमच्याकडं पॅकिंगलाच हात पुरत नाहीत. आणि जे लावतील त्यांनी एक बघा: पिक्सेल आणि एपीआय दोन्हीकडून तीच ऑर्डर जात असेल, तर इव्हेंटचं नाव आणि इव्हेंट आयडी दोन्हीकडं एकच पाहिजे. नाहीतर एक विक्री दोनदा मोजली जाते आणि माणूस खूश होऊन बजेट वाढवतो.

हळदपेठ_सांगली
पक्क्या ऑर्डरीवर परचेस ठेवणाऱ्यांनी ‘थँक यू’ पानावरचा पिक्सेलचा परचेस काढून टाकायचा, म्हणजे तो घोळच राहत नाही. फोन जमत नसेल तर व्हॉट्सअॅपवर ‘हो’चं बटण पाठवा. उत्तर आलं की इव्हेंट जाऊ दे.