पंप पाणी सोडतोय: आधी नरसाळं भरून बघा
कर्जतच्या विहिरीवरचा तुमचा पंप बंद केला की पाइपातलं पाणी खाली उतरून जातं, त्यावर कुणीतरी फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) बदला असं सुचवलंय. ते बरोबर असेलही, पण त्यासाठी लगेच पाइप उपसू नका. पंप बंद ठेवून त्याच्यावरच्या पाणी भरायच्या नरसाळ्यातून काठोकाठ पाणी भरा, वरचा कॉक उघडाच ठेवा, दहा मिनिटं बघा. पातळी उतरली आणि वरचे सांधे कोरडे, तर दोष फूटव्हॉल्व्हचा. बहुतेकदा झडपेत नुसती काडी अडकलेली असते. सांधा ओलसर दिसला तर पंप तिथूनच हवा ओढतोय. चालू असताना तिथे थेंबही गळत नाही, म्हणून फसायला होतं. शनिवारी मुंबईहून कर्जतला निघतानाच सांध्यांसाठी टेफ्लॉन टेप आणि ग्लँडची दोरी (पंपाचा दांडा बाहेर येतो तिथे भरायची) घेऊन ठेवा.

आणि मे महिन्यात पाणी पंपापासून सातेक मीटर खाली गेलं असेल, तर नवा व्हॉल्व्हही काही करणार नाही. इतक्या खोलून पंपाला पाणी ओढता येत नाही, पंपच विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर घ्यावा लागतो.